दोघांची करवत

गेल्या मे महिन्यात मी बांधावरची बाभूळ तोडली. एकट्याने तोडली. सकाळी सातला सुरुवात केली आणि दहाच्या आत तिचे अकरा ओंडके झाले होते. मधे एकदा बॅटरी उतरली तेव्हा दुसरी लावली आणि पहिली मोटरच्या खोलीत चार्जिंगला ठेवून आलो, तेवढाच काय तो खंड. घरी येऊन हातपाय धुतले, चहा घेतला. अंगावर लाल-पिवळा भुसा होता, बाकी दमल्याची काही खूण नव्हती.

तोडण्याला कारण होतं. वळवाच्या वाऱ्याने झाड विहिरीच्या वाटेवर कललं होतं आणि एका बाजूची मुळं उघडी पडली होती. आज ना उद्या पडलं असतं, असं मी स्वतःला सांगितलं. कायद्याचीही अडचण नव्हती. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या यादीत साग, चिंच, आंबा, जांभूळ, मोह अशी झाडं आहेत. ती स्वतःच्या रानातली असली तरी परवानगी लागते. बाभूळ त्या यादीत नाही. म्हणजे कारण होतं, कायद्याची आडकाठी नव्हती, आणि लाकूड वाया जाणार नव्हतं.

संध्याकाळी तात्या आला. तात्या माझा चुलत भाऊ, चार वर्षांनी मोठा. बांध आमच्या दोघांच्या मधला. तो ओंडक्यांभोवती एकदा फिरला आणि बुंध्याच्या उरलेल्या खुंटावर बसला.

"कवा तोडली?"

"सकाळी."

"आवाज न्हाय आला."

"बॅटरीचं कटर हाय, तात्या. आवाज नसतो त्याला."

"आसं." मग बराच वेळ गप्प बसला, आणि उठताना म्हणाला, "उभी व्हती न्हवं आजून?"

एवढंच. भांडण नाही, आदळआपट नाही. अकरातले सहा ओंडके मी दुसऱ्या दिवशी त्याच्या गोठ्याशी पोचवले. त्याने ते नीट रचून ठेवले. त्याच्याकडे अंघोळीच्या पाण्याला अजून बंब पेटतो, लाकूड लागतं. पावसाळा गेला, थंडीही सरत आली. सहाच्या सहा ओंडके जागच्या जागी आहेत.

मी तेव्हापासून विचार करतो आहे की माझं काही चुकलं का, आणि चुकलं असेल तर नेमकं काय.

*

आमचं गाव कळंब. इंदापूर तालुका, नीरेचा काठ, शेजारी वालचंदनगर. १९३० च्या दशकात वालचंद हिराचंदांनी इथल्या माळावर साखर कारखाना उभा केला. पुढे त्याच वसाहतीतल्या कारखान्यात साखर कारखान्यांची यंत्रं बनू लागली, आणि नंतर इस्रोच्या अग्निबाणांच्या मोटरची कवचंही. तेव्हा यंत्राची भीती बाळगावी असं आमचं गाव नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांना धास्ती होती म्हणतात. पुढे तोच नांगर घरोघर गेला. नव्या हत्याराबद्दल कुरकुर करताना ही गोष्ट मी आठवत असतो.

तरीही या कटरबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. ते चालवायला दोन बटणं एकदम दाबावी लागतात. अंगठ्याने वरची खिटी दाबायची आणि बोटाने खालचा घोडा ओढायचा. नुसता घोडा ओढला तर साखळी हलत नाही. चुकून चालू होऊ नये म्हणून ही सोय. मला पहिल्यांदा ते आवडलं होतं. जणू यंत्र विचारतं आहे, नक्की ना? पण पाच मिनिटांत अंगठ्याला सवय झाली आणि विचारणं संपलं. अख्खी बाभूळ आडवी होईपर्यंत मला विचारणारं तेवढंच होतं.

झाडाला पडायच्या बाजूने खाच घेतली, मग मागून काप दिला. कललेल्या झाडाच्या खोडात ताण असतो, ते अचानक फाटतं, म्हणून जपून केलं. पडल्यावर ओंडके पाडायचे. दोन्ही टोकांवर टेकलेला ओंडका मधे कापला की खाली दबतो आणि पातं चिमटतं. म्हणून वरून थोडं कापून बाकीचं खालून घ्यायचं. एकच टोक टेकलेलं असेल तर उलटं. हे सगळं मी नीट शिकलो होतो, आणि नीट केलं. आतला गाभा गडद तांबूस निघाला. शेंड्याला सुगरणीचे गेल्या पावसाळ्यातले खोपे लोंबत होते, सुकून करडे झालेले. रिकामेच होते. ते मी तोडण्याआधी पाहिले होते आणि रिकामे आहेत असं मनात म्हटलंही होतं. महिन्याभरात ती परत आली असती हे मला माहीत होतं.

*

माझ्या लहानपणी झाड तोडायचं म्हणजे दोन भाऊ यायचे. नदीपलीकडचे. खांद्यावर कुऱ्हाडी, आणि दोघांच्या मधे गोणपाटात गुंडाळलेली लांब करवत, दोन्ही टोकांना उभ्या मुठी असलेली. त्या करवतीचा एक नियम आहे. ती फक्त ओढायची असते, ढकलायची नसते. आपण ओढलं की हात सैल सोडायचा, मग समोरचा ओढतो. ढकलायला गेलं तर पातं वाकतं. एक थांबला की दुसऱ्याला थांबावंच लागतं. काप अडकायला लागला की पाचर ठोकायची, पात्याला थोडं तेल लावायचं, पाणी प्यायचं. एका मोठ्या झाडाला दिवस जायचा, आणि त्या दिवसात वाटेने जाणारा प्रत्येक जण थांबून काहीतरी बोलून जायचा. का तोडताय, किती वर्षांचं असंल, अमक्याच्या आज्याने लावलेलं.

एकदा वडिलांनी त्यांना उंबर तोडायला बोलावलं. उंबराने विहिरीच्या बांधकामात मुळं घातली होती. थोरल्याने झाडाभोवती चक्कर मारली आणि म्हणाला, "अण्णा, याला आमी हात लावणार न्हाय. दुसरं कोणी बघा." वडील चिडले. दुसरं कोणी बघायला आठवडा गेला. त्या आठवड्यात आजी बोलली, चुलते बोलले, विहिरीचा गवंडी बोलला की मुळं तेवढी तोडून सिमेंट भरता येईल. उंबर आजही आहे. वडिलांना एकाएकी झाडाचा कळवळा आला होता असं नाही. नकार मिळाला, वेळ गेला, आणि तेवढ्यात दुसरा मार्ग निघाला.

ही गोष्ट आठवली की सोपा निष्कर्ष समोर येतो. कष्ट होते म्हणून विवेक होता. काम अवघड होतं तोवर माणूस ते करण्याआधी दहादा विचार करायचा. बटण आलं आणि विचार गेला. हा निष्कर्ष फार जुना आहे. चीनमधल्या च्वांग त्सूच्या ग्रंथात एका म्हाताऱ्या माळ्याची कथा आहे. तो विहिरीत उतरून घागरीने पाणी आणतो आणि वाफे भिजवतो. कन्फ्यूशियसचा एक शिष्य त्याला सांगतो की ओकतीसारखं एक साधन आहे, त्याने कमी श्रमात शंभर वाफे भिजतील. म्हातारा म्हणतो की ते मला ठाऊक आहे, पण यंत्र वापरणाऱ्याचं मनही यंत्रासारखं होतं, म्हणून वापरायची लाज वाटते. आपल्या काळात आल्बर्ट बोर्गमन या तत्त्वज्ञाने १९८४ च्या पुस्तकात जवळजवळ हेच म्हटलं, आणि त्याचं उदाहरण तर लाकडाचंच आहे. घरात शेगडी होती तेव्हा कोणी लाकूड फोडायचं, कोणी आणून भरायचं, कोणी विस्तव राखायचं. घर तिच्याभोवती गोळा व्हायचं. नळातून, तारेतून ऊब यायला लागली तेव्हा ऊब तेवढी उरली, गोळा होणं गेलं.

मला हे पटत होतं. मग मी ते त्या दोन भावांमधल्या धाकट्याला सांगून पाहिलं.

तो आता सत्तरीला आला आहे. थोरला गेला. याची कंबर कायमची वाकली आहे, सकाळी उठताना भिंत धरावी लागते. त्याच्या मुलाकडे पेट्रोलचं कटर आहे. मी म्हटलं, तुमच्या करवतीच्या वेळी माणसं विचार करून झाड तोडायची. तो हसला. "विचार तुमी करायचा सावलीत बसून. वढायची आमी." मग म्हणाला, "हे यंत्र मला चाळीस वर्षं आधी मिळालं आसतं तर मी सरळ चाललो आसतो."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. च्वांग त्सूचा माळी स्वतःच्या पायांनी विहीर चढत-उतरत होता, म्हणून त्याला यंत्र नाकारायचा अधिकार होता. आमच्या घराने दुसऱ्याच्या कमरेच्या जोरावर विवेक सांभाळला. मोटेचंही तेच. मोटेची गाणी आम्हाला गोड वाटतात; पण बैल हाकत दिवसभर धावेवरून खाली-वर करणारा कोणी विजेची मोटर आल्यावर हळहळल्याचं मी ऐकलेलं नाही. चुलीचंही तेच. पुणे-सोलापूर रस्त्यावर 'चुलीवरचं' अशी पाटी लावली की गाड्या थांबतात. माझी चुलती, म्हणजे तात्याची आई, फुंकणीने फुंकून फुंकून डोळे लाल करून घ्यायची. गॅस आला त्या दिवशी तिने फुंकणी माळ्यावर टाकली आणि पुन्हा काढली नाही. बोर्गमनच्या शेगडीभोवती घर गोळा होत असेल. आमच्या चुलीभोवती एकच बाई बसलेली असायची.

तेव्हा कष्टाने माणूस शहाणा होतो हे खरं नाही. झालाच तर जो कष्ट करतो तो होईल, आणि निर्णय तर बहुधा दुसराच कोणी घेत असतो.

*

मग दुसरा विचार आला. कष्ट नव्हे, तर दोघं असणं महत्त्वाचं होतं का? करवतीला दोन माणसं लागायची. एकट्याने करता येणार नाही अशा कामात चूक करणंही एकट्याला जमत नाही.

आमच्या भागात जोडीने चालणाऱ्या गोष्टी पुष्कळ. लाकडी चरकाच्या काळात उसाचा रस ज्या दोन उभ्या लाटांमधून निघायचा, त्या बाभळीच्याच असत, आणि त्यांना नवरा-नवरी म्हणत. चरक गेला, लोखंडी घाणा आला, कारखाना आला. पण ऊसतोडीत आजही मोजणी जोडीनेच होते. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. तो तोडतो, ती मोळी बांधते, डोक्यावर घेऊन गाडीत भरते. मराठवाड्यातून दर हंगामात असे कोयते आमच्या रानात येतात, आणि मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत राहतात.

आता या जोडीला विचारा, तुमच्यापैकी एकाने हात थांबवला तर काय होईल? उचल अंगावर असताना हात थांबवता येत नाही. ताप असला तरी नाही, दिवस गेलेले असले तरी नाही. रायगडकडून येणारी कातकरी कुटुंबं माळावरची वेडी बाभूळ तोडून कोळसा पाडतात, त्यांचंही असंच. अख्खं घर एका कामाला जुंपलेलं असतं, आणि त्यातला एकही जण 'हे झाड राहू द्या' म्हणू शकत नाही. म्हणजे नुसतं दोघं असून भागत नाही. दोन माणसं एका करवतीला बांधून घातली तर ती एकच यंत्र होतात.

नदीपलीकडचा थोरला उंबराला नाही म्हणाला, कारण तो म्हणू शकत होता. त्याच्यावर आमची उचल नव्हती. त्याच्याकडे कसब होतं, करवत त्याची होती, दुसऱ्या गावात काम होतं. वडील चिडले तरी त्याचं फार काही बिघडणार नव्हतं. उंबर वाचला तो याने. त्यात कष्टाचं पुण्य नव्हतं, जोडीचंही नव्हतं. कामाच्या आड एक माणूस उभा होता, ज्याच्याशिवाय काम होणार नव्हतं आणि जो नाही म्हणायला मोकळा होता.

*

इथपर्यंत आलो तेव्हा मला वाटलं उत्तर सापडलं. बॅटरीच्या कटरने तो माणूस काढून टाकला. पण हे लिहून पाहिलं तेव्हा लक्षात आलं की मी यंत्राच्या नावावर काहीतरी खपवतो आहे. कटरने कोणालाही काढलं नाही. कटर टेबलावर पडून होतं.

खरी गोष्ट अशी आहे. मला कोणतं कटर घ्यावं असा प्रश्न पडला तेव्हा पेट्रोलचंही बघितलं होतं. ते स्वस्त पडत होतं, जोरही जास्त. पण पेट्रोलचं कटर सुरू झालं की अर्धा मळा गोळा होतो. बॅटरीचं घेताना मी घरात सांगितलं की धूर नाही, दोरी ओढायची कटकट नाही, आवाज नाही. तिन्ही खरं होतं. मे महिन्यात त्या सकाळी, तात्याचं घर तीनशे पावलांवर असताना, यातलं तिसरं कारण मला उपयोगी पडलं. मला माहीत होतं की विचारलं असतं तर तात्या 'राहू दे' म्हणाला असता. त्याच्या शेळ्या त्या झाडाच्या शेंगा खायच्या. दुपारी तो तिथे पडायचा. त्याने दोर लावून झाड ओढून धरू, मुळांवर माती टाकू, असं काहीतरी सुचवलं असतं, आणि मला ते करत बसावं लागलं असतं. मला तो नकार ऐकायचा नव्हता. म्हणून मी विचारलं नाही, आणि विचारलं नाही हे कोणाला ऐकू जाणार नाही असं हत्यार माझ्याकडे होतं.

झाड तोडणं चूक होतं की नाही, हे मी अजून सांगू शकत नाही. कदाचित पहिल्या पावसात ते पडलंच असतं. पण तात्याचा प्रश्न झाडाच्या आयुष्याबद्दल नव्हता. उभी होती ना अजून, म्हणजे बोलायला वेळ होता ना अजून. पडलेल्या झाडाचे वाटे करता येतात, आणि ते मी प्रामाणिकपणे केले, एक ओंडका जास्तच दिला. उभ्या झाडाबद्दलचा शब्द मात्र पडल्यावर देता येत नाही. ते सहा ओंडके तो जाळत नाही याचा अर्थ मी असा लावतो की जो वाटा त्याला हवा होता तो हा नव्हे.

यंत्राचा दोष यात एवढाच की पूर्वी जे अडचणीमुळे आपोआप घडायचं ते आता ठरवून करावं लागतं. पूर्वी माणूस बोलवावाच लागायचा. तो आला की त्याचं मत फुकट यायचं. आता माणूस लागत नाही, तेव्हा मत मागायला वेगळं जावं लागतं, आणि ते न मागण्याची मोकळीक खिशात असताना जावं लागतं. हे करवत ओढण्यापेक्षा हलकं काम आहे, तरी मला ते त्या सकाळी झेपलं नाही.

*

गेल्या महिन्यात गोठ्याच्या पत्र्यावर कडुलिंबाची एक जाड फांदी टेकायला लागली. कडुलिंब माझ्या हद्दीत आहे, त्यात तात्याचा वाटा नाही. मी कटर काढलं, साखळीला तेल घातलं, आणि सोबत आलेलं माहितीपत्रक पुन्हा एकदा वाचलं. त्यात एक सूचना आहे जी मी मे महिन्यात वाचून सोडून दिली होती. एकट्याने काम करू नका, हाकेच्या अंतरावर कोणीतरी असू द्या. पात्याचं टोक कशाला अडलं तर कटर उसळून अंगावर येतं, म्हणून.

मी तात्याला फोन केला. म्हटलं, "जरा येतोस का? फांदी काढायचीय. एकट्याने काढू नये म्हणतात."

तो आला. झाडाखाली उभा राहून बराच वेळ वर बघत होता. मी कटर हातात धरून उभा. शेवटी म्हणाला, "पत्रा हालवता यील की. फांदी कशाला?"

मला राग आला, हे कबूल करतो. बॅटरी भरलेली होती, काम वीस मिनिटांचं होतं, झाड माझं होतं. पत्रा हलवायचा म्हणजे चार नळ्या सोडवायच्या, हूक काढायचे, पुन्हा बसवायचे. आम्हाला दोघांना मिळून अख्खी दुपार लागली. पत्रा दोन फूट मागे गेला. गाईवर आता सकाळचं ऊन येतं, त्यासाठी पोतं बांधावं लागलं.

जाताना तात्या म्हणाला, "पावसाळ्यात बघू. लईच खाली आली तर काढू." काढू म्हणाला, काढ म्हणाला नाही. कटर मी पुसून पेटीत ठेवलं.